मल्लिनाथआप्पांचं फ्रेंच आणि इतर मान्यवर

मुरुम गावात लग्न कुणाचंही असो, माईक मल्लिनाथआप्पा बिराजदारांच्या हातात असायचा. हे कुणी ठरवलं, कधी ठरवलं, याचा कुठंही कागद नाही. आणि पंचायत समितीत तीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाच्या आयुष्यात कागद नसलेली ही एकच गोष्ट होती. नवरदेव घोड्यावरून उतरायचा, वाजंत्री थांबायची आणि मांडवात आवाज घुमायचा, "माजी सभापती, प्रगतिशील बागायतदार, श्रीमान अमुक तमुक यांचं शुभमंडपात आगमन झालेलं आहे, त्यांचं सहर्ष स्वागत!" की तो अमुक तमुक चप्पल काढता काढता दोन इंच उंच व्हायचा. लोक जेवायला येतात हे खरं, पण त्याआधी स्वतःचं नाव ऐकायला येतात, असं आप्पांचं मत होतं. ते फारसं चुकीचंही नव्हतं.

आप्पांच्या पुकाराचे नियम कडक होते. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. पुढं पदवी, मागं गाव. चौतीस वर्षांत एकाही मानकऱ्याचं नाव चुकलं नव्हतं की कुणाचा मान मागंपुढं झाला नव्हता. यादीच्या शेवटी एक ठरलेली ओळ असायची, 'आणि इतर मान्यवर'. त्या एका ओळीत निम्मं गाव दाटीवाटीनं बसायचं. कुणाचं नाव घ्यायचं आणि कुणाला त्या ओळीत बसवायचं, हे आप्पांना यादी न बघताही ठाऊक असायचं. कोण कुठल्या गल्लीत राहतं, हे आपल्याकडं कुणाला वेगळं शिकवावं लागत नाही.

असा हा सुखाचा संसार चालला असताना आण्णासाहेबांच्या रणधीरचं लग्न निघालं. आण्णासाहेब म्हणजे गावातले सगळ्यात मोठे बागायतदार. ऊस त्यांचा, द्राक्षं त्यांची, मंगल कार्यालयही त्यांचंच. रणधीर पुण्यात एका फ्रेंच कंपनीत इंजिनिअर. लग्नाला दहा दिवस राहिले असताना आण्णासाहेबांनी आप्पांना बोलावून घेतलं.

"आप्पा, रणध्याचे सायेब लोक येणार हायती. फ्रान्सचे. सात जण. सातीजणांचा सत्कार, फेटा, शाल, नारळ. नावं तुमाला जमतील का?"

"न जमायला काय झालं?" आप्पा म्हणाले.

"न्हाय, सोलापूरची एक पोरगी हाय. अँकर. इंग्रजी नुसतं फाडफाड बोलती. वाटलं तर माईक तिच्याकडं दिऊ. तुमी आपले पुढं बसा, फेटा बांधून."

पुढं फेटा बांधून बसा! पेन्शनच्या दिवशीसुद्धा आप्पांना इतकं निवृत्त झाल्यासारखं वाटलं नव्हतं. हा माईक एकदा त्या पोरीच्या हातात गेला की पुढच्या लग्नाला परत येणार नाही, हे कळायला फ्रेंच यावं लागत नव्हतं. "धा दिवसांत सातीच्या सात नावं तोंडपाठ करतो," आप्पा ताठ मानेनं म्हणाले. "न्हाय केली तर माईकला हात लावणार न्हाय."

रणधीरनं व्हॉट्सॲपवर यादी पाठवली. आप्पांनी चष्मा पुसला, पहिलं नाव वाचलं, पुन्हा चष्मा पुसला. दोष चष्म्यात नव्हता.

गावात बातमी पसरायला तासभर लागला आणि सल्ले यायला त्याहून कमी. इंग्रजी शाळेचे संस्थाचालक म्हणाले, "फ्रेंच म्हंजे इंग्रजीच हो, फकस्त नाकातनं काढायचं." मेडिकलवाल्यानं मोबाइलमधलं एक ॲप दाखवलं. त्यातली बाई नाव उच्चारायची, पण इतक्या घाईनं की तिची येडशीची गाडी सुटत असावी. शेजारच्या गौराबाईंनी कुंपणावरून सांगितलं, "सुपारीचं खांड गालात धरा आन् बोला. माझ्या चुलतसासऱ्यांचं तोतरंपण असंच गेलं." आप्पांनी सुपारी धरून पाहिली. नाव आलं नाही, सुपारी मात्र पोटात गेली.

शेवटी पोस्टमननं खरी माहिती दिली. बनसोडे गुरुजींची नात श्रावस्ती पुण्यात फ्रेंचच्या वरच्या परीक्षा देऊन एका कंपनीत भाषांतराचं काम करते आणि सध्या घरूनच करते. आप्पांनी "हां, हां" केलं आणि विषय बदलला. दोन दिवस ते इतर मार्ग शोधत राहिले. आठ दिवस उरले तेव्हा त्यांनी धोतर झटकलं आणि भर दुपारी, रस्त्यावर माणूस नसताना, बनसोडे गुरुजींच्या गल्लीत पाय ठेवला.

श्रीपती बनसोडे गुरुजी झेडपीच्या शाळेत सदतीस वर्षं शिकवून केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झालेले. गावातल्या तीन पिढ्यांना त्यांनी मुळाक्षरं गिरवायला लावली होती, रणधीरलासुद्धा. ते ओट्यावर पेपर वाचत होते. त्यांनी उठून खुर्ची दिली. "या मल्लिनाथराव. वाट चुकला का काय?" एवढंच बोलले. सून चहा घेऊन आली. "आत्ताच झाला," आप्पा म्हणाले. हे वाक्य या गल्लीत त्यांच्या तोंडातून आपोआप निघायचं. आत्ता म्हणजे सकाळी सातला झाला होता.

श्रावस्ती पंचविशीची, चष्मेवाली, लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेली. तिनं यादी पाहिली आणि वहीचं कोरं पान काढलं.

"आप्पा, अख्खा शब्द एकदम गिळायला जाऊ नका. आधी तुकडे पाडायचे. दोन स्वरांच्या मधे एकच व्यंजन असलं, तर ते पुढच्या तुकड्यात जातं. आ-नी-माल. आन-ईम-आल असं न्हाई."

आप्पांनी विचार केला. "म्हंजे लेकीसारखं. पुढच्या घरी नांदायला जाती."

"तसं समजा. दोन व्यंजनं असली तर एक मागं राहतं, एक पुढं जातं. पार-तीर."

"वाटणी झाली."

"हां. पण त्या दोघांतलं दुसरं ल किंवा र असलं, तर बहुतेक वेळा दोघं जोडीनंच पुढं जातात. ता-ब्लो."

"एकत्र कुटुंब," आप्पा खुलले. "ल आन् र म्हंजे धाकली भावंडं. थोरल्याला सोडत न्हाईत." चौतीस वर्षं लग्नं लावलेल्या माणसाला नांदणं आणि वाटणी यापलीकडं व्याकरण कशाला लागतं? श्रावस्तीनं हसू दाबलं आणि पुढं सरकली. आता कठीण भाग आला.

"शेवटचं व्यंजन बहुतेक वेळा लिहायचं, पण म्हणायचं न्हाई."

"लिव्हायचं आन् म्हणायचं न्हाय? मंग लिव्हायचं कशाला?"

"तशी पद्धत आहे. हे बघा, तुमच्या यादीतलं तिसरं नाव. टी, एच, आय, बी, ए, यू, एल, टी. आठ अक्षरं. म्हणायचं फक्त, ति-बो."

आप्पा वहीकडं बघत राहिले. हजेरीपटावर आठ आणि कामावर निम्मे! त्यांना एकदम आपलं ऑफिस आठवलं. खुर्चीच्या पाठीला कोट अडकवून जिल्ह्याच्या गावाला गेलेले भाऊसाहेब आठवले, नाव बोर्डावर आणि माणूस शेतात असलेले विस्तार अधिकारी आठवले. फ्रेंच भाषेबद्दल त्यांना पहिल्यांदाच जिव्हाळा वाटला.

"आणि पुढचा शब्द स्वरानं सुरू झाला," श्रावस्ती म्हणाली, "तर कधी कधी हेच मुकं व्यंजन जागं होतं आणि त्या शब्दाला जाऊन चिकटतं. नुसतं म्हटलं तर 'ले'. पण पुढं 'आमी' आलं की, ले-झामी."

"प्रतिनियुक्ती!" आप्पा ओरडले. "आपल्या टेबलावर मुका, आन् दुसऱ्याच्या ऑफिसात गेला की कामाला लागतो! आगं, ही तर आपलीच भाषा हाय की."

"थोडी आहेच," श्रावस्ती म्हणाली. "लिहिलेलं असतं, सगळ्यांना दिसतं, फक्त तोंडातनं काढायचं न्हाई. आपल्याकडं तर लई जुनी पद्धत आहे ही."

आप्पांनी मान डोलवली. त्यांना त्यात फ्रेंचच तेवढं ऐकू आलं. पेपरमागून गुरुजींचा एक हलकासा खाकरा आला, तोही त्यांनी धुळीच्या खात्यात टाकला.

उठताना आप्पांनी विचारलं, "पोरी, फी काय घेशील?"

"फी नको. लग्नात आजोबांचं नाव घ्या. पूर्ण. दर लग्नाची पत्रिका येते आमच्याकडं. आजोबा इस्त्रीचा सदरा घालून जातात, अक्षता टाकतात आणि घरी येतात. तुमचा माईक त्यांच्यापर्यंत पोचतच न्हाई."

"घिऊ की! त्यात काय येवढं," आप्पा म्हणाले. फाईल पुढं सरकवू की, असं ज्या सुरात ते तीस वर्षं म्हणत आले होते, त्याच सुरात. आपला सूर त्यांना ओळखू आला, म्हणून ते जरा घाईनंच ओट्यावरून उतरले.

मग खरा राडा सुरू झाला. आप्पांना नुसतं नाव-आडनाव पुरेना. वडिलांच्या नावाशिवाय माणूस पुकारायचा म्हणजे त्याला उघडं उभं करायचं. योगायोगानं परदेशी पाहुणे घरी उतरवण्याची माहिती सरकारदरबारी द्यायची होती आणि अर्ज म्हटला की आप्पांचे हात शिवशिवायचे. रणधीरनं सातही पासपोर्टांचे फोटो पाठवले. कार्यालयाचं नाव न घेतलेलं बरं. खिडकीमागच्या माणसानं विचारलं, "पाहुण्यांचा तुमचा संबंध काय?"

"मी त्यांची नावं घेणार हाय."

"उखाण्यात का?"

तिथं आप्पांना कळलं की अर्ज ऑनलाइन भरायचा असतो, ऑनलाइन भरून त्याची प्रत खिडकीत द्यायची असते आणि प्रत घेणारे साहेब रजेवर असतात. चार खेपांनंतर पोच मिळाली. पण फायदा झाला तो असा, की पासपोर्टवर प्रत्येकाची तीन-तीन नावं निघाली. आप्पांचा ऊर भरून आला. शेवटी फ्रान्समध्येही रीतभात होती तर! कंपनीचे सगळ्यात मोठे साहेब दि-द्ये मा-री आर-नो. "मारी हे तर बाईचं नाव," श्रावस्ती म्हणाली. आप्पा म्हणाले, "आईचं असणार. आपल्या सरकारनंबी आता आईचं नाव लावायला सांगितलंय. त्यांच्यात आधीपासनं जीआर असंल." ही मधली नावं आईचीही नसतात आणि बापाचीही नसतात, ती त्याच माणसाची जास्तीची नावं असतात, हे पटवायला तिला एक अख्खी संध्याकाळ लागली. "जास्तीची? एका माणसाला तीन?" आप्पांना हे पटेना. आपल्याकडं काहींना एकही पुरतं मिळत नाही, असं श्रावस्ती पुटपुटली.

दुसरा पेच मारगो पेरँ या बाईंचा. वय बावन्न, दोन मोठाली मुलं, मुलांचे वडील म्हणजे तेच दिद्येसाहेब, आणि लग्न झालेलं नाही. सौ. म्हणावं तर खोटं, कु. म्हणावं तर मुलं अमेरिकेत शिकताहेत. श्रीमती म्हणावं तर दिद्येसाहेब शेजारी धडधाकट उभे. हा प्रश्न आण्णासाहेबांपर्यंत गेला. ते म्हणाले, "लग्नाच्या मांडवात असली भानगड नको. सौ. म्हणा. आमच्याकडनं लागलं म्हणायचं."

आणि सराव! सकाळी गच्चीवर उभं राहून आप्पा गुळण्या करताना येतो तसा घशातला र काढायचे. मग ओठांचा चंबू करून उ आणि इ यांच्या मधला एक स्वर शोधायचे. तो सापडला की बराच वेळ धरून ठेवायचे. गौराबाईंनी हे कुंपणावरून तीन दिवस पाहिलं. चौथ्या दिवशी त्या धावत आप्पांच्या बायकोकडं, महादेवीबाईंकडं गेल्या. "वैनी, तोंड वाकडं झालंय बघा त्यांचं. आन् घरघर बी लागलीय. लकवाच!"

डॉक्टरांनी आप्पांना हसायला लावलं, जीभ बाहेर काढायला लावली आणि विचारलं, "आजोबा, काहीतरी बोलून दाखवा." आप्पांना वाटलं, श्रोता मिळाला. त्यांनी यादीतलं सातवं, सगळ्यात अवघड नाव काढलं. "ब-न्वा, श-वा-ल्ये." डॉक्टरांनी निमूट सोलापूरला स्कॅनची चिठ्ठी लिहून दिली. महादेवीबाईंनी कानातलं हातात घेऊन देवाला नवस बोलला. आप्पा वाटभर जीपमध्ये समजावत होते, पण समजावताना मधूनमधून फ्रेंच येत होतं, त्यामुळं जीपमधल्या लोकांनी त्यांना खिडकीची जागा दिली.

स्कॅन उत्तम निघाला. पण रिपोर्टावर नाव होतं, 'मालिनी बिराजदार, स्त्री, वय २६'. आप्पा खिडकीवर कडाडले. खिडकीतली मुलगी म्हणाली, नाव बदलायचं तर आधार कार्ड दाखवा. आधार कार्डावर होतं 'मलिकनाथ'. मग ती म्हणाली, आधी ते दुरुस्त करा, त्यासाठी प्रतिज्ञापत्र लागेल, दोन साक्षीदार लागतील. तब्येत ठणठणीत आहे या बातमीचा आनंद आप्पांना झालाच नाही. संध्याकाळी बनसोड्यांच्या ओट्यावर ते हातातला रिपोर्ट आपटत होते. समोर ठेवलेला चहा त्यांनी कधी उचलला आणि कधी संपवला, त्यांनाही कळलं नाही.

"चौसष्ट वर्साचा मानूस मी! अख्ख्या तालुक्याची नावं मी घेतो. आन् माझं नाव चुकवत्यात! कागदावर मी न्हाईच! काय वाटत आसंल मानसाला?"

श्रावस्ती कप उचलत म्हणाली, "चुकवलं, पण घेतलं तर खरं, आप्पा."

आप्पांनी रिपोर्टाची घडी घालून खिशात ठेवली. गुरुजींनी पेपरातून मान वर केली नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी आण्णासाहेबांनी परीक्षा घेतली. फोन स्पीकरवर, पलीकडं रणधीर. आप्पांनी सातही नावं तुकडे पाडून, मग जोडून, शेवटच्या तुकड्यावर जोर देऊन म्हटली. रणधीर पलीकडून ओरडला, "आप्पा, त्यांच्या आईनं हाक मारल्यावानी वाटतंय!" माईक राहिला. सोलापूरच्या अँकरला मात्र सांगून ठेवलं होतं, ती नवरीच्या एंट्रीपुरती येणार होती. आप्पांनी तेही सोसलं.

मग त्यांनी सत्काराची यादी पुढं केली. त्रेचाळीस नावं आण्णासाहेबांची आणि खाली पेन्सिलीनं एक, आप्पांच्या अक्षरात. आण्णासाहेबांनी बोट ठेवलं.

"हे कुणी घातलं?"

"गुरुजी हायेत. रणधीरला मुळाक्षरं..."

"हायेत की, आमी कुठं न्हाय म्हणतो. पत्रिका दिलीय, जेवायला या म्हणलंय. पर वेळ कुठाय आप्पा? बारा पस्तीसचा मुहूर्त. आन् एक नाव घेतलं की त्या गल्लीतली बाकीची रुसतील. इतर मान्यवरांत येतंयच की ते." आणि त्यांनी खोडरबर मागितलं.

चौतीस वर्षांच्या अनुभवी माणसानं इथं काय करावं? आप्पांनी खिशातून खोडरबर काढून दिलं. वर "व्हय, खरंय" असंही म्हणाले. त्या संध्याकाळी ते सरावाला गेले नाहीत. घसा बसलाय, असा निरोप पाठवला.

लग्न दणक्यात निघालं. मंगल कार्यालयात हजारभर माणूस, कूलरचा घोंगाट, स्टेजवर गुलाबी सोफे. अँकर पोरगी चमचमत्या झग्यात एका बाजूला उभी. मागून चौथ्या रांगेत, खांबाशेजारी, इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यातले श्रीपती गुरुजी आणि बाजूला श्रावस्ती. ती आप्पांकडं बघून हसली. तिला खोडरबराचं माहीत नव्हतं. आप्पांनी माईकची वायर सरळ करायला घेतली, ती आधीच सरळ होती.

त्रेचाळीस नावं झाली. मग आप्पांनी घसा साफ केला आणि परदेशी पाहुण्यांचा पुकार सुरू झाला. "फ्रान्स देशाहून पधारलेले, कंपनीचे मुख्य साहेब, श्रीमान दि-द्ये मारी आर-नो!" खुर्चीत घाम पुसत बसलेला उंच साहेब दचकून उभा राहिला. गेली तीन वर्षं पुण्यात त्याला सगळे डिडियर म्हणत होते. "सौभाग्यवती मार-गो पे-रँ! श्रीमान ति-बो ब्लाँ-शार!" एकेक गोरा माणूस आपलं नाव ऐकून उजळत होता आणि टाळ्या पिटत वर येत होता. फेटेवाला भराभर फेटे बांधत होता. मांडवाला नावांशी काही देणंघेणं नव्हतं, मांडव मोबाइलवर गोऱ्या माणसांचे फोटो काढत होता. पण आप्पांचा आवाज लागला होता. अँकर पोरीनं तोंडावर हात ठेवला. हाच तो क्षण, ज्यासाठी गुळण्या केल्या होत्या.

"आन् शेवटचे मानकरी, श्रीमान ब-न्वा श-वा-ल्ये!"

कुणी उठलं नाही. आप्पांनी पुन्हा पुकारलं, आणखी स्वच्छ. फेटेवाल्यानं नऊ वारी केशरी फेटा फर्रकन उलगडून, एक टोक दातात धरून, डोक्याची वाट बघत पवित्रा घेतला होता. तिसऱ्यांदा पुकारल्यावर रणधीर खालून खुणेनं सांगू लागला, पोटावर हात ठेवून. बन्वासाहेबांनी आदल्या दिवशी शेतावर ठेचा भाकरीला लावायच्या ऐवजी चमच्यानं खाल्ला होता. ते आता शेतावरच्या घरातून बाहेर येण्याच्या अवस्थेत नव्हते. हे सगळ्यांना माहीत होतं, फक्त माईकला सांगायचं राहिलं होतं.

"मंग घाला घडी फेट्याची," आण्णासाहेब कुजबुजले.

"खबरदार!" सोफ्यावरून आण्णासाहेबांच्या आई, सिद्धम्मा, गरजल्या. "सुभकार्यात उलगडलेला फेटा डोस्कं न बघता घडी घालत न्हाईत! माज्या नातवाच्या लग्नात आपशकुन करताय व्हय रं?"

फेटेवाल्याला हे माहीतच होतं. तो टोक दातात धरून पुतळ्यासारखा उभा राहिला. आण्णासाहेबांनी स्टेजवर नजर फिरवली. माजी सभापतींच्या डोक्यावर फेटा. आजी सभापतींच्या डोक्यावर फेटा. चेअरमन, सरपंच, व्याही, मामा, फोटोग्राफर, माईकवाले आप्पासुद्धा फेट्यात. एक डोकं मोकळं नाही. बारा अठ्ठावीस झाले होते. भटजी घड्याळ दाखवत होते.

"आप्पा, कुणाला बी बोलवा! कुणाला बी, पर लौकर!"

आप्पांनी यादी पाहिली. सगळ्या नावांवर बरोबरच्या खुणा. खाली खोडलेल्या जागेचा कागद जरा खडबडीत झाला होता. आता याला धाडस म्हणायचं की फेटा उरला म्हणून सुचलेली सोय, हे ज्याचं त्यानं ठरवावं. आप्पा पुढं आयुष्यभर धाडसच म्हणत राहिले. त्यांनी माईक तोंडाजवळ घेतला आणि नाव पुरं, एकेक अक्षर म्हणत, एकही न गाळता घेतलं.

"रणधीरचे पहिले गुरू, सेवानिवृत्त केंद्रप्रमुख, आयुष्मान श्रीपती लिंबाजी बनसोडे गुरुजी!"

मांडवात कूलरचा आवाज ऐकू येऊ लागला. तेवढ्यात नवरदेव रणधीर मुंडावळ्या सावरत चटकन उठला, कारण गुरुजींचं नाव आलं की उठायचं हे त्याला पहिलीत असताना शिकवलेलं होतं. नवरदेव उठला म्हणून व्याही उठले, व्याही उठले म्हणून सभापतींना उठावं लागलं. गुरुजी खांबाजवळून सावकाश चालत आले. केशरी फेटा त्यांच्या पांढऱ्या केसांवर चढला. सिद्धम्मांनी समाधानानं हात जोडले, त्यांना फेट्याशी मतलब होता. श्रावस्तीनं फोटो काढला नाही, ती नुसती बघत होती.

आप्पांचा ऊर फुगला होता. आता गुरुजी आभाराचे दोन शब्द बोलतील, चौतीस वर्षांत प्रथमच कुणीतरी माईकवाल्याचं नाव माईकवर घेईल, या आशेनं त्यांनी माईक पुढं केला.

"मल्लिनाथराव," गुरुजींचा शांत आवाज हजार माणसांवरून गेला, "ह्या पाव्हण्यांची नावं शिकायला तुमाला किती दिवस लागले?"

"धा!" आप्पा अभिमानानं म्हणाले. "फकस्त धा दिवस, गुरुजी."

"हुशार आहात," गुरुजी म्हणाले. "माझं सोपं हाय. तरी चौतीस वर्सं लागली."

माईक चालू होता. टाळ्या फक्त सहा फ्रेंच पाहुण्यांनी वाजवल्या, त्यांना भाषा कळत नव्हती. आप्पांनी तोंड उघडलं, पण मराठीही आली नाही आणि फ्रेंचही आलं नाही. अक्षता सुरू झाल्या म्हणून ते वाचले.

पुढच्या महिन्यात आण्णासाहेबांच्या पुतण्याचं लग्न होतं. माईक सोलापूरच्या अँकरकडं होता. आप्पांना पत्रिका आली होती, पण फेटा बांधून पुढं बसायचं कुणी सुचवलं नाही. ते इस्त्रीचा सदरा घालून गेले आणि उगाच इकडंतिकडं बघत मागच्या रांगांपाशी आले. खांबाशेजारी श्रीपती गुरुजी बसले होते. त्यांनी बाजूच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. स्टेजवर पोरगी फाडफाड नावं वाचत होती. सभापतींचं आडनाव तिनं चुकवलं, तरी सभापती दोन इंच उंच झालेच. आप्पा कान देऊन ऐकत राहिले. आता येईल, पुढचं येईल, असं करत यादी संपली आणि शेवटची ओळ आली, "आणि इतर मान्यवर, सर्वांचं सहर्ष स्वागत!"

गुरुजी आप्पांकडं झुकले आणि हळूच म्हणाले, "नीट बसा मल्लिनाथराव. आत्ता आपलंच नाव घेतलं."